पाय देणारी

भावजी उंबऱ्याबाहेर घोंगडीवर पालथे पडले होते आणि माझा डावा पाय त्यांच्या कंबरेच्या वीतभर वर थांबला होता. खाली टेकवायचा की मागे घ्यायचा, एवढंच ठरायचं बाकी होतं.

"दे की गं जगे. कोंबडं आरवून गेलं, आता दीस निघंल. कामून थांबलीस?" जोत्यावरून आत्याबाई ओरडल्या. आत्याबाई म्हणजे माझी सासू, नागुबाई. पंच्याहत्तरी उलटली, पण आवाज ऐकून कुणी साठीच्या वर म्हणणार नाही.

मी काहीच बोलले नाही. बोलायचं नसतंच. पाय देणारीनं उजाडायच्या आत, उपाशीपोटी, तीनदा पाय द्यायचा आणि तिसरा पाय होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द निघाला की पायाचा गुण गेला. सव्वीस वर्षं हा नेम मी पाळला होता. एरवी माझं तोंड बंद राहत नाही, ही गोष्ट वेगळी.

चन्नबसप्पा माझे धाकटे दीर. जळकोटच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करतात. वर्षातून दोनदा तरी त्यांच्या कंबरेत उसण भरायची, दोनदा ते या घोंगडीवर पालथे पडायचे आणि उठून हसत मोंढ्यात जायचे. पण आज माझी जाऊ तनुजा त्यांच्या काखेत हात घालून त्यांना पलीकडच्या घरातून घेऊन आली होती. उजवा पाय फरफटत आला होता. पायातली चप्पल मागे अंगणातच सुटून पडली, आणि त्यांना पत्ताही नव्हता. मी ती चप्पल पाहिली. चप्पल सुटलेली न कळणं म्हणजे काय, ते मला माझ्याच पायानं शिकवलं होतं.

मी पाय मागे घेतला.

"भावजी," मी म्हणाले, "लघवी कवा झाली?"

आत्याबाईंचं मिसरी लावलेलं बोट दातांशीच राहिलं.

"अगं बया! भावजयीनं दिराला आसलं इचारावं? लाज कोळून प्यालीस का काय? आन् बोललीस कामून मदीच?"

भावजींनी घोंगडीत तोंड खुपसलं. "झाली की वहिनी. पहाटंच झाली."

"खरं बोला."

तनुजाच रडत म्हणाली, "अक्का, काल दुपारपून न्हाई झाली. दोनदा जाऊन बसले, तसंच आले. म्हणले, पाणी कमी पिलो म्हून आसंल."

पुढचं विचारायला माझीही जीभ उचलेना. पण विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. "तनुजा, त्यांच्या कानात इचार, बसायची जागा कळती का. दोन्ही मांड्यांच्या मदली."

तनुजा खाली बसली. कुजबुज झाली. तिनं वर पाहिलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"म्हणत्यात, बधिर हाय. लाकडावानी."

तीन गोष्टी मला डॉक्टरांनी पाठ करायला लावल्या होत्या. त्यातल्या तीनही समोर घोंगडीवर पडल्या होत्या.

आता जरा मागचं सांगते, नाहीतर मी अशी का वागले ते कळायचं नाही.

मी पायाळू आहे. जन्मताना पाय आधी बाहेर आले, डोकं मागून. सुईणीला घाम फुटला, आई मरता मरता वाचली, पण गावभर बोभाटा झाला तो माझ्या पायांचा. पायाळू माणसानं कंबरेवर पाय दिला की उसण उतरते, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. आत्याबाई मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी माझं तोंड पाहिलं की नाही देव जाणे, पाय मात्र उलटसुलट करून पाहिले. आणि लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी, माझ्या अंगावरची हळदही सुकली नव्हती, पहाटे स्वतः घोंगडी टाकून पालथ्या पडल्या. सासूच्या कंबरेवर नव्या सुनेनं पाय द्यायचा! तीन पाय दिले. आत्याबाई उठल्या, माझ्या पावलाला हात लावला आणि तो हात स्वतःच्या कपाळाला लावला. असं दुसऱ्या कुठल्या घरात झालं असेल तर मला सांगा.

दिवसा मी शाळेत खिचडी शिजवते. अकरा वर्षं झाली, पण मला तिथं नाव नाही. मास्तर, लेकरं, तपासणीला येणारे साहेब, सगळे "ओ खिचडीच्या बाई" म्हणतात. पहाटे मात्र उदगीरहून, मुखेडहून माणसं येऊन माझ्या उंबऱ्याबाहेर पालथी पडत. जाताना चांगली शिकली-सवरलेली माणसं पायाला हात लावत. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. फार आवडायचं.

मग माझीच कंबर धरली. आधी कंबर, मग डाव्या मांडीतून पोटरीत वीज खेळल्यासारखी कळ. माझ्या कंबरेवर कोण पाय देणार? पायाळूला पायाळू चालत नाही म्हणतात. चार महिने अंगावर काढलं आणि शेवटी लातूरला दवाखान्यात गेले. मशीनच्या बोगद्यात घालून फोटो काढला. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलायला करारी. फोटो उजेडावर धरून म्हणाल्या, "दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. तुमची खालची गादी झिजलीय, थोडी बाहेर येऊन नस दाबतेय. ऑपरेशन आत्ता लागत नाही. पण ही गादी पुन्हा नवी होत नाही. सांभाळून राहायचं, जन्मभर."

काय सांभाळायचं ते त्यांनी सांगितलं, आणि शेवटी तीन गोष्टी पाठ करून घेतल्या. लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली, पाय उचलेना झाला, तर घरी थांबायचं नाही. तसं झालं तर दिवस नाही, तास महत्त्वाचे. मी लेकरांसारखं म्हणून दाखवलं.

उठता उठता मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "म्याडम, मी सोताच पायाळू हाय. लोकांच्या कंबरा उतरिवते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे कंबरेवर पाय देता?"

"हाव. लांबून लांबून येत्यात."

"जगदेवीबाई, आजपासून बंद. तुमच्या कंबरेसाठी नाही सांगत, त्यांच्या कंबरेसाठी सांगतेय. कुणाची गादी आत कुठवर सरकलीय ते तुमच्या पायाला दिसत नाही. एखाद्याचे पाय जातील."

घरी आल्यावर सगळे भोवती जमले. मी म्हणाले, गादी झिजलीय म्हणे. आत्याबाई खो खो हसल्या. "गादीवर लोळणाऱ्याची झिजंल की! आपल्या घरात गादी हाय कुटं? जलम गेला वाकळीवर!" सगळे हसले, मीही हसले, आणि त्या हसण्यात पुढचं वाक्य मी गिळून टाकलं. पाय देणं बंद करायला सांगितलंय, हे मी कुणालाच सांगितलं नाही. पाय गेला तर मागे राहते ती खिचडीची बाई. माझी जीभ उचलली नाही, एवढंच खरं.

तेव्हापासून माझं सगळं जगणं बेतानं चाललं होतं. उठायचं तर आधी कुशीवर व्हायचं, पाय खाली सोडायचे, मग हातावर जोर देऊन उठायचं. कंबरेतून वाकायचं नाही. खिचडीचं पातेलं दोघींनी मिळून उतरवायचं. गुरुजींनी शेगडी विटांच्या ओट्यावर चढवून दिली. रोज व्यायाम, रोज चालणं. काही दिवस सुखाचे जातात, काही दिवस नुसती शिंक आली तरी डोळ्यांपुढं काजवे चमकतात. आणि डाव्या पायाचा अंगठा बधिर झाला तो झालाच. एकदा उकळती खिचडी त्यावर सांडली, फोड आला तेव्हा मला कळलं. ज्या पायाला लोक हात लावत होते, त्याला हात लावलेलाही कळत नव्हता.

चार महिने मी लोकांना परत पाठवलं. आज अंगात कसकस हाय, आज घरात अडचण हाय. पण गेल्या बुधवारी भावजी आले, कंबर धरून. आत्याबाईंनी स्वतः घोंगडी टाकली. मी काहीतरी सबब सांगायला लागले तशा म्हणाल्या, "पायाळूपण दवाखान्यात ठिवून आलीस का काय?" अंगणात मुखेडची दोन माणसं उभी होती, ऐकत होती. मी पाय दिला. एकदा, दोनदा. तिसरा जरा जोरातच दिला, त्या दोघांना दिसावा म्हणून.

ही माझी करणी. आता पुढचं सांगते.

"तनुजा, चांदपाशाला फोन लाव. गाडी घेऊन ये म्हणावं, लातूरला जायचंय. आत्ताच्या आत्ता."

आत्याबाई जोत्यावरून उतरल्या आणि लेकाच्या पाठीवर हात ठेवून घोंगडीवरच फतकल मारून बसल्या. "कुटं न्ह्यायचं न्हाई माझ्या लेकराला. तितं न्हेलं की कंबर कापत्यात. कापलं की मानूस जलमाचा लुळा. तू पाय दे. एक डाव दे. न्हाई उतरलं तर मग न्हे, मी आडवी येत न्हाई."

बोलणं किती साधं, किती समजूतदार! एक पाय देऊन बघायला काय जातं? सहा डोळे माझ्याकडं लागले. भावजीही मान वळवून म्हणाले, "द्या की वहिनी. तुमच्या पायानं उतरतंय मपलं दरसाल."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माझ्या तोंडून निघालं ते असं: "आता दिला तरी उपेग न्हाई. मी बोलले न्हवं मदीच. गुण गेला."

आत्याबाईंचा नेम आत्याबाईंवरच उलटला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं त्या नजरेतच दिसलं, मी मुद्दाम बोलले हे त्यांना पुरतं कळलं होतं.

माझे मालक, शिवप्पा, एसटीत वाहक आहेत. पहाटेच ड्युटीवर गेलेले. त्यांना फोन केला तर गाडीच्या आवाजात ओरडून म्हणाले, "आई म्हनती तर दिऊन टाक की पाय! तुला डाक्टरकीची डिग्री कवा मिळाली?"

"तुमी याल संध्याकाळी. तवर तुमच्या भावाचे पाय जातील," मी म्हणाले आणि फोन बंद केला. नवऱ्याचं बोलणं मध्येच तोडायची सव्वीस वर्षांतली ही पहिली वेळ.

चांदपाशा गल्लीच्या तोंडाशी राहतो. त्याची ईको गाडी भाड्यानं चालते. दहा मिनिटांत आला. त्यानं, तनुजानं आणि शेजारच्या दोघांनी घोंगडीची चार टोकं धरली आणि भावजींना तसंच, न वाकवता, गाडीत सरकवलं. मला उचलायची मनाई. सगळे वाकले होते आणि मी एकटी ताठ उभी राहून "सरळ धरा, कंबर मोडू नगा" असं फर्मावत होते. बघणाऱ्याला वाटलं असेल, बाईचा तोरा बघा! आत्याबाईही गाडीत चढल्या. नको म्हणायची कुणाची छाती होती?

गाडी उदगीरच्या रस्त्याला लागली. मी कंबरेचा पट्टा आवळून मागच्या सीटच्या कडेवर बसले होते. प्रत्येक खड्डा आधी माझ्या कंबरेत शिरायचा, मग भावजींच्या तोंडून निघायचा. माझ्या हातात त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा होता. मी चिमटा काढायची.

"कळतंय का भावजी?"

"हाव."

"कंच्या पायाचा?"

जरा वेळ लागायचा. "उजव्या."

"भाभी," चांदपाशा आरशातून म्हणाला, "उदगीरलाच दाखिवलं तर? टाइम वाचंल."

"न्हाई. लातूरला आप्रेशनची सोय हाय. तू चल."

"फिकर नक्को करो." मग थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखा, "गये साल मेरी कंबर तुमच्याच पायानं उठली. आज कामून न्हाई दिला, भाभी?"

"तू मुकाट्यानं गाडी हाक!"

मी इतकी खेकसले की त्यानं पुन्हा आरशात पाहिलं नाही. आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या. ओठ हलत होते, बसवेश्वराचा धावा चालला असावा, नाहीतर माझा उद्धार.

नळेगाव मागे पडलं. मी चिमटा काढला.

"कळतंय?"

"काय?"

मी पुन्हा काढला, नख रुतेपर्यंत. भावजी छताकडं बघत होते. "काढा की चिमटा, वहिनी," ते म्हणाले.

मी तोंड फिरवलं. तनुजानं माझं तोंड पाहिलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला. बाहेर माणसं टपरीवर चहा पीत होती, एक म्हातारा म्हशी हाकत होता, सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. मला वाटलं, उतरून त्या म्हाताऱ्याला विचारावं, अजून लातूर किती? पंचवीस वेळा गेलेला रस्ता मला आठवेना.

दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी भावजींचा पाय उचलून पाहिला, टाचणी घेऊन घोट्यापासून वर वर टोचत गेल्या. "इथं? इथं? इथं?" भावजी नाही नाही म्हणत राहिले. मग पडदा ओढून आणखी तपासलं. बाहेर आल्या त्या भराभर नर्सला सूचना देतच. मग आमच्याकडं वळल्या.

"आठ-दहा दिवसांत काही झालं का? पडले, कुणी चोळलं, दाबलं?"

"रोज पोती उचलत्यात," तनुजा म्हणाली.

त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. "तुम्ही जळकोटच्या ना? पायाळू?"

"हाव."

"यांना पाय दिलात?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई पुढं झाल्या. "न्हाई दिला, डाक्टर! त्याचंच तर रडगाणं हाय! पाय उचलला आन् मदीच बोलली, गुण घालिवला. दिला आसता तर माझं लेकरू हितं आलंच नसतं."

सुटले होते मी. सासूनंच सोडवलं होतं. नुसतं गप्प राहायचं होतं. पाय देताना राहतात तसं.

"आज न्हाई दिला," मी म्हणाले. "गेल्या बुधवारी दिला. तीनदा. जोरात दिला." आता थांबणं नव्हतं. "आन् तुमी नगं म्हणून सांगितलं होतं, ते मी घरात कुणालाच सांगितलं न्हवतं. ह्यांची कुणाची चूक न्हाई. ह्यांना ठाऊकच न्हवतं."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडं पाहिलं. "लघवी कधीपासून अडली?"

"काल दुपारपून."

"अजून वेळ आहे. फार नाही, पण आहे," म्हणाल्या आणि आत गेल्या.

तनुजा माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "अक्का, तुमाला ठाऊक होतं?"

"हाव."

"चार महिन्यापून?"

"हाव गं."

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती मागं सरकली. आत्याबाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. बाकावर माझ्यासाठी जागा होती, पण मला वीस मिनिटांच्या वर बसताही येत नाही. मी त्या लांबलचक वऱ्हांड्यात इकडून तिकडं चालत राहिले. चांदपाशानं मशिनीतला चहा आणून हातात दिला आणि हळूच म्हणाला, "खरं बोलनेकी क्या जरूरत थी, भाभी? म्हातारीनं झाकलं होतं की."

"म्हणूनच," मी म्हणाले. मी पुन्हा चालायला लागले.

दुपारी ऑपरेशन उरकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "नस मोकळी केलीय. आता ती किती जागी होते ते हळूहळू कळेल. वेळेत आणलंत."

तनुजा आणि आत्याबाई आत धावल्या. मी मागे थांबले. "म्याडम, माझ्या पायानं झालं का हे?"

"सांगता येत नाही. गादी आधीच फाटलेली असणार. पोत्यानं झालं असेल, पायानं झालं असेल. कधी कधी नुसत्या खोकल्यानंही होतं."

हो म्हणाल्या असत्या तर मी जन्मभर रडले असते, नाही म्हणाल्या असत्या तर सुटले असते. त्यांनी दोन्ही हातचं काढून घेतलं.

एकोणिसाव्या दिवशी भावजींची नळी काढली आणि लघवी आपसूक झाली. तनुजानं ही बातमी भिंतीवरून शेजारणीला ओरडून सांगितली, पोरगा पास झाल्यासारखी. आता ते काठी घेऊन चालतात. पोत्याला हात लावत नाहीत. मोंढ्याच्या फाटकाशी राखणीला बसतात. उजवं पाऊल अजून जरा घसटतं. पहाटे ते आमच्या उंबऱ्याबाहेर येतात, आणि त्याच घोंगडीवर आम्ही दोघं आळीपाळीनं व्यायाम करतो. आधी ते, मग मी. पाय घ्यायला कुणी आलं तर त्याला दोघंही एकच सांगतो, लातूरला जा. कुणी ऐकतं. कुणी तोंड वाकडं करून दुसरा पायाळू शोधायला जातं. तनुजा माझ्याशी बोलते, पण कामापुरतं.

आत्याबाई बोलतच नव्हत्या. तीन महिने झाले, "जगे" ही हाक माझ्या कानावर पडली नव्हती. काही सांगायचं असलं तर कोंबड्यांना सांगायच्या, तनुजाला सांगायच्या, चुलीला सांगायच्या. मालक मध्ये पडले तर त्यांनाही झापलं. मीही काही म्हणत नव्हते. कुठल्या तोंडानं म्हणणार?

परवा सकाळी व्यायाम उरकून मी घोंगडी झटकली, परसात जाऊन सरपण आणलं, आणि शाळेत जायच्या गडबडीत घरात चार फेऱ्या मारल्या. आत्याबाई मिसरी लावत बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "रगत कुणाचं?"

मी इकडंतिकडं पाहिलं. मागच्या दारापासून चुलीपर्यंत शहाबादी फरशीवर लाल ठिपके पडले होते, एक पाऊल सोडून एक.

"जगे, तुलाच इचारून राहिले. पाय बघ."

मला पाऊल वळवून बघता येत नाही. मी भिंतीला धरून उभी राहिले. आत्याबाई उठल्या, दंडाला धरून मला खाटेच्या कडेवर बसवलं, आणि स्वतः गुडघे कुरकुरवत खाली फरशीवर बसल्या. माझं डावं पाऊल मांडीवर घेतलं. "केवढा बाभळीचा काटा घातलास गं! आन् याच्यावर नाचून राहिलीस?"

त्यांनी बांगडीतली पिन काढली. काटा उकरताना मी त्यांच्या पांढऱ्या भांगाकडं बघत होते. खूप वेळ लागला. शेवटी तो निघाला, बोटाच्या पेराएवढा.

"दुखलं का?"

"न्हाई."

"एवढं उकरलं, आन् न्हाई?"

"न्हाई, आत्याबाई."

त्यांनी काटा बाजूला ठेवला. मग पिनचं टोक अंगठ्यावर टेकवलं, डॉक्टरीणबाईंनी लेकाच्या पायावर टेकवताना पाहिलं होतं तसं. "हितं?"

"न्हाई."

थोडं वर. "हितं?"

"न्हाई."

"हितं?"

पावलाच्या मध्यावर मला टोचलं. "हां. हितं कळलं."

आत्याबाईंनी तिथं बोट दाबून धरलं. बोट उचललं तेव्हा पावलावर मिसरीचा काळा ठिपका उमटला होता. "म्हंजी हितून तू हायस," त्या म्हणाल्या. "रोज बगू. खाली सरकतंय का वर चढतंय."

पाय मांडीवर तसाच होता. त्यांचा हात सवयीनं पावलावरून वर उचलला गेला, कपाळाकडं निघाला आणि मध्येच थांबला. तो त्यांनी खाली नेला, खाटेखालची माझी चप्पल ओढून काढली आणि माझ्या पायात घातली.

"घरातबी घालून हिंडत जा," म्हणाल्या, आणि पट्टा नीट बसला का ते बोट घालून पाहिलं. मला ते कळलं नाही. मी वरून बघत होते, म्हणून दिसलं.